कुळागराच्या वेबसाइटवर मेनूत १४ गोष्टी झाल्यात, कमी कशा करू?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याजवळ तुमचं कुळागर म्हणजे सुपारी-मसाल्यांची बाग आहे, राहायच्या खोल्या आणि मसाल्यांची विक्री आहे, आणि साइटचा मेनू १४ वर गेलाय. मी म्हापशात छोट्या धंद्यांच्याच साइट करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो आकडा डोक्यातून काढा. सातच्या वर नको असं कोणीतरी सांगतंच, ते मूळ मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातलं, पण तो लेख माणसाच्या लक्षात किती राहतं यावर आहे आणि मेनू तर डोळ्यांसमोरच असतो, पाठ कुठे करायचाय. घोळ होतो तो नावं एकमेकांत मिसळल्यावर. तुमच्याकडे 'आमच्याविषयी', 'आमची परंपरा', 'आमची वाटचाल' असं तिन्ही आहे, बाहेरच्याने काय कशात शोधायचं? एकच पान करा. आणि जेवण 'अनुभव' च्या खाली ठेवलंय, भुकेला माणूस 'अनुभव' दाबणार नाही हो, सरळ 'जेवण' लिहा.

आता खरं काम. प्रत्येक पानाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहा आणि आठ-दहा जणांना त्यांच्या मनाने गठ्ठे करायला सांगा, गठ्ठ्याला नावही त्यांनीच द्यायचं, तुम्ही मधे एक शब्द बोलायचा नाही. घरची माणसं नकोत, त्यांना सगळं ठाऊक असतं, पुण्या-मुंबईचे कुळागर कधी न बघितलेले लोक धरा. मग उलटं करा, दुसऱ्याच कोणाला नुसता मेनू दाखवून विचारा, 'पावसात चालू असतं का ते कुठे बघशील?' पहिलं बोट चुकीच्या जागी गेलं तर नाव बदला, त्या माणसाला समजावत बसू नका. पहिल्याला कार्ड सॉर्टिंग आणि दुसऱ्याला ट्री टेस्टिंग म्हणतात, खर्च कागदाचा.

'कसं यायचं' मात्र संपर्काच्या पानात तळाला पुरू नका, वर आणा. गोव्यात आता मोपा आणि दाबोळी असे दोन विमानतळ आहेत, कोणी मडगावला ट्रेनने उतरतो, प्रत्येकाचा रस्ता वेगळा आणि हे पान तो गाडीत बसून फोनवर उघडणार.

फोनवर माउस नसतो, त्यामुळे माउस नेल्यावरच उघडणारे उपमेनू नकोत. पाच-सहाच गोष्टी उरल्या तर तीन रेघांच्या बटणामागे लपवू नका, समोर ठेवा. बोटाला जागाही हवी, डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची नियमावली, किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगतं, मी ४४ च ठेवतो. देवनागरीला लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, जास्त द्या, नाहीतर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, तयार थीममध्ये हे हमखास होतं.

भाषेसाठी झेंडे नकोत, मराठी आणि कोंकणीला कुठला झेंडा लावणार? भाषेचं नाव त्याच भाषेत लिहा, वर उजव्या कोपऱ्यात, आणि भाषा बदलल्यावर माणूस त्याच पानावर राहतो का ते तपासा, पुष्कळ साइट त्याला परत होमवर टाकतात.