व्हॉइसमेल सर्व्हरसाठी योग्य इन्स्टॉलेशन इमेज कशी निवडावी

आपण सातपूरच्या कार्यालयासाठी टेलिफोन-यंत्रणेचे सॉफ्टवेअर असलेल्या अ‍ॅस्टेरिस्कवर व्हॉइसमेल सर्व्हर उभारणार आहात, म्हणून प्रथम एवढेच सांगतो की घरी पडून असलेली सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची जुनी डीव्हीडी वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्या आवृत्तीचे सुरक्षा-अद्ययावतीकरण ३० जून २०२४ रोजी थांबले आहे. फ्रीपीबीएक्स १७ (अ‍ॅस्टेरिस्क ब्राउझरमधून हाताळण्याचे सॉफ्टवेअर) वापरायचे असल्यास त्याचा पाया डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. तेव्हा तीच आवृत्ती घ्यावी, त्याहून नवी नव्हे.

डेबियनची 'नेटइन्स्ट' इमेज (इमेज म्हणजे प्रणाली बसवण्याची फाइल) एक जीबीपेक्षाही लहान असते, मात्र उरलेली पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे संच, ती इंटरनेटवरून उतरवते. अंबडच्या एका कारखान्यात माझे काम अर्ध्यावर असताना इंटरनेट गेले आणि सारी दुपार वाया गेली. तेव्हापासून भरवशाची जोडणी नसेल तेथे मी पहिली डीव्हीडी-इमेज पेनड्राइव्हवर नेतो. अर्थात डेबियन १२ च्या पॅकेज-भांडारात अ‍ॅस्टेरिस्कच नसल्याने पुढे इंटरनेट लागतेच, पण निदान मूळ प्रणाली तरी उभी राहते. डेस्कटॉपची 'लाइव्ह' (न बसवता थेट चालणारी) इमेज येथे निरुपयोगी आहे.

इंटेल वा एएमडीच्या ६४-बिट यंत्रासाठी 'एएमडी६४' हीच इमेज लागते. नावावरून अनेकजण फसतात. उतरवलेल्या फाइलची एसएचए५१२ बेरीज (फाइल बिनचूक उतरली का हे तपासण्याचा संकेतांक) संकेतस्थळावरील बेरजेशी अवश्य ताडून पाहावी. इमेज पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून यंत्र सुरू होत नाही, ती 'डीडी'सारख्या, इमेज जशीच्या तशी उतरवणाऱ्या साधनानेच लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरील जुना मजकूर पूर्ण पुसला जातो.