कॅमेऱ्याशिवाय केलेला चित्रपट

प्रश्न : अमेरिकेतील भूमिगत, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या प्रायोगिक चित्रपटांविषयी वाचताना स्टॅन ब्रॅकेज यांचे नाव वारंवार आले, म्हणून त्यांचा ‘मॉथलाइट’ पाहिला. त्यात कथा नाही, माणसे नाहीत, आवाजही नाही. शिवाय तो कॅमेऱ्याशिवाय केला आहे, असे कळले. मग त्याला चित्रपट का म्हणायचे, आणि तो पाहायचा तरी कसा?

उत्तर : ‘मॉथलाइट’ तयार कसा झाला ते आधी पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तेथेच आहे. १९६३च्या या चित्रपटाच्या वेळी ब्रॅकेज मोठ्या ओढग्रस्तीत होते. दिव्यावर झेपावून मेलेल्या पतंगांचे पंख त्यांनी गोळा केले, त्यांच्या जोडीला पाने, पाकळ्या आणि गवताची पाती घेतली आणि हे सारे दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबून बसवले. पडद्यावर दिसते ती या नाजूक पट्टीवरून काढलेली प्रिंट.

१६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी (फ्रेम) बसतात, म्हणजे एका चौकटीची उंची जेमतेम पाऊण सेंटिमीटर. गवताचे पाते त्याहून लांब असले की ते अनेक चौकटींत पसरते, आणि प्रोजेक्टर सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने त्याचे तुकडे एकामागून एक पडद्यावर टाकतो. आपल्याला दिसलेली फडफड या तुकड्यांतून निर्माण झाली आहे. ती कोणी चित्रित केलेली नाही. ज्या प्रकाशापायी पतंग मेले, तशाच प्रकाशापुढून जाताना त्यांचे पंख पुन्हा हलू लागतात. सरकत्या फितीतून आणि प्रकाशातून उमटणारी गती हाच चित्रपटाचा गाभा मानला, तर त्याच्या इतक्या जवळ जाणारी कलाकृती मला क्वचितच आढळली आहे.

ब्रॅकेज यांचे बहुतेक चित्रपट मूक आहेत, आणि ही त्यांची विचारपूर्वक केलेली निवड होती : आवाज सोबत असला की नजर त्याच्या मागे जाते आणि दृश्याची स्वतःची लय हरवते. ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’ हा १९५९चा चित्रपट पाहिला तर हे पटेल. पहिल्या अपत्याच्या जन्माचे हे चित्रण आहे. त्यात खिडकीतून पाण्यावर पडणारे ऊन आणि प्रसूतीचा क्षण एकमेकांत गुंफले आहेत, आणि एका टप्प्यावर पत्नीने कॅमेरा हाती घेऊन ब्रॅकेज यांचाच आनंदाने भारलेला चेहरा टिपला आहे. आवाज नसल्यामुळे तो चेहरा विलक्षण जवळचा वाटतो.

‘मॉथलाइट’ चार मिनिटांच्या आतबाहेर संपतो, तेव्हा तो पूर्ण अंधारात, संगीत न जोडता, लागोपाठ दोनदा पाहावा. पहिल्या वेळी हा पंख की पान, हे ओळखण्याचा प्रयत्नच करू नये. दुसऱ्या वेळी डोळे आपोआप शिरा आणि कडा शोधू लागतात. ‘डॉग स्टार मॅन’ ही १९६१ ते १९६४ या काळातली त्यांची दीर्घ चित्रमाला मात्र नजर अशी सरावल्यावरच हाती घ्यावी.