शेजारी दिसला म्हणजे नातं जुळलं असं नाही

गंगापूर रोड, नाशिक
आषाढ

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा नकाशा पाहिला. चीनमधल्या ल्हासो वेधशाळेने टिपलेल्या गॅमा किरणांच्या स्रोतापासून अर्ध्या अंशावर फर्मी या अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीचा ठिपका दिसला आणि तू खाली लिहून मोकळी झालीस, "जोडीदार सापडला." म्हणजे दोन्ही ठिपके एकाच वस्तूचे, असं. अर्धा अंश म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढी रुंदी. त्यात आकाशगंगेच्या पट्ट्यात काय काय मावतं! उद्या सिंहस्थात रामकुंडावर कुठेही उभी राहा, चार पावलांवर एखादा साधू सापडेलच. तो तुलाच भेटायला आला होता, असं म्हणशील का?

म्हणून आधी योगायोगाचा हिशेब कर. तुझा स्रोत त्याच आकाशगंगीय अक्षांशावर ठेवून रेखांशात इकडेतिकडे सरकव, शेकडो खोट्या जागा तयार कर आणि त्यांतल्या किती जागांना असाच शेजारी मिळतो ते मोज. कंटाळवाणं काम आहे. ते केल्याशिवाय मला फोन करू नकोस.

फर्मीचा स्वभावही ओळखून घे. 2008 पासून ती दुर्बीण साधारण दर तीन तासांनी सगळं आकाश पाहते आणि तिची माहिती कुणालाही फुकट मिळते. नाशिकच्या ढगांची तिला पर्वा नाही. पण तिची नजर ऊर्जेप्रमाणे बदलते. 100 एमईव्हीला (हे ऊर्जेचं माप; हजार एमईव्हींचा एक जीईव्ही, हजार जीईव्हींचा एक टीईव्ही) एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, अनेक अंश पसरतो, 1 जीईव्हीला पाऊण अंशाच्या आसपास, आणि 10 जीईव्हीच्या वर साधारण दशांश अंश. संध्याकाळी पांडवलेणीच्या डोंगरावरून शहराचे दिवे बघितलेस ना? धुकं असलं की सगळ्यांचा एकच पिवळा डाग होतो. तू थेट 100 एमईव्हीपासून सुरुवात केलीस, म्हणजे धुक्यात दिवे मोजलेस. आधी 10 जीईव्हीच्या वर बघ, मग खाली उतर.

अशा स्रोतांजवळ पल्सार, म्हणजे गरगर फिरत स्पंदनं पाठवणारा मृत तारा, असणं नेहमीचंच. पल्सारचा प्रकाश काही जीईव्हीला भरात असतो, मग झपाट्याने उतरतो, आणि तेवढ्यात शेजारचं सगळं झाकून टाकतो. त्याच्या फिरण्याची वेळ ठाऊक असेल तर स्पंदनांमधला शांत काळच निवड आणि नकाशा नव्याने काढ. बरेच "जोडीदार" इथेच मावळतात.

माझा कसा मावळला ते सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. टीएस, म्हणजे स्रोत खरा असण्याची खात्री मोजणारा आकडा, 25 च्या वर गेला म्हणून मी सहकाऱ्यांना पेढे वाटले. आमच्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, "वायूच्या मेघांचा नमुना बदलून पाहिलास?" पाहिला नव्हता. आकाशगंगेतल्या वायूवर वैश्विक किरण आदळून जी विखुरलेली चमक उठते, तिच्या नमुन्यात उणीव होती आणि माझं गणित ती उणीव खोटा स्रोत धरून भरून काढत होतं. नमुना बदलला आणि टीएस निम्म्याहून खाली आला. पेढे परत मागता येत नाहीत.

आता तुझा खरा प्रश्न: जीईव्हीत काहीच दिसलं नाही तर? तर 95 टक्के खात्रीची वरची मर्यादा लिही, म्हणजे चमक असलीच तर याहून जास्त नाही असा आकडा, आणि तीही मन लावून लिही. ल्हासोच्या पहिल्या यादीत 90 स्रोत आहेत, त्यातले 43 जण 100 टीईव्हीच्या वरही दिसतात. त्यांच्यामागे इलेक्ट्रॉन आहेत की प्रोटॉन, हा सगळा वाद. इलेक्ट्रॉन वैश्विक पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे महास्फोटानंतर विश्वभर उरलेल्या मंद प्रकाशाच्या, फोटॉनना धक्का देऊन टीईव्हीत चमकतात आणि जीईव्हीत अनेकदा मंद राहतात. प्रोटॉन वायूवर आदळून पायॉन नावाचे अल्पायुषी कण घडवतात आणि त्यांतून गॅमा किरण निघतात; त्यांचा वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेला किती चमक याचा आलेख, साधारणपणे खाली जीईव्हीपर्यंत पसरलेला असतो. सुपरनोव्हा अवशेष आयसी 443 आणि डब्ल्यू 44 यांच्यात फर्मीला पायॉनची खूण 2013 मध्ये मिळाली. पण घाई नको. मूळ स्फोटापासून निसटलेल्या प्रोटॉनांपैकी सर्वांत ऊर्जावान आधी मेघापर्यंत पोहोचले, तर तिथेही जीईव्ही मंदच दिसेल. म्हणजे नुसत्या अंधारावरून इलेक्ट्रॉन ठरत नाहीत. मर्यादेची रेघ मात्र दोन्ही वर्णपटांवर ओढलीस की कुठलं गणित तुटतं ते दिसतं. माझ्या मते तुझ्या प्रबंधातलं सर्वांत वाचनीय पान तेच असेल.

तुला हानलेच्या मेस या गॅमा दुर्बिणीबद्दल उत्सुकता आहे, ती ठेव. 21 मीटर व्यासाची ती दुर्बीण लडाखात आहे. तिच्या ऊर्जापट्ट्याने फर्मी आणि ल्हासो यांच्यातली दरी थोडी भरेल. पण ल्हासोचे बरेच स्रोत पसरलेले आहेत, हे विसरून तिच्याकडे निरीक्षणाची वेळ मागू नकोस.

रविवारी सकाळी ये. मिसळ मी मागवतो, तू अवशिष्ट नकाशे (नमुना वजा केल्यावर जे उरतं त्यांचे) आण, काळे-पांढरे, रंगीत नकोत. आणि निवडीची वही आण, ज्यात संगणकावरच्या विश्लेषणाच्या रद्द केलेल्या सगळ्या धावाही लिहिलेल्या असतील.

तुझा
काका