दोन एकर विकून पुणे, का कर्ज कमी ठेवून नांदेड?

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला. पोरीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचंय, पुण्याच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत एआय ब्रांचला सीट मिळतेय, फी-होस्टेल-मेस सगळं मिळून चार वर्षांचे २० लाख, आणि त्यासाठी सेलूजवळची विहिरीची २ एकर काढायची म्हणताय. सीईटीचे पर्सेंटाईल बघून नांदेडच्या एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर लागेल असंही लिहिलंय.

जमीन विकू नका. नांदेड घ्या.

तुम्ही ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत. २०२४-२५ पासून अशा मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरतं, पण सीट कॅप राउंडमधूनच, म्हणजे शासनाच्या प्रवेश फेरीतूनच घेतलेली पाहिजे, मॅनेजमेंट कोटा चालत नाही आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी तर त्यात बसतच नाही. म्हणजे पुण्याला गेलात की हा हक्क गेला. नांदेडला डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, लॅपटॉप असं धरून माझ्या अंदाजाने चार-साडेचार लाखात चार वर्षं निघतील. ४ लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही. १० टक्के व्याज धरा, ७ वर्षं, हप्ता साधारण ६,६०० येतो. तेच २० लाख कर्ज काढलं तर १० वर्षं महिन्याला २६,४०० भरा, आणि मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलंय, पगार अख्खा हप्त्यात जाईल ना लेकराचा.

आता एआयचं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ ला आलं, त्या वर्षी ॲडमिशन घेतलेल्या पोरांना फॉर्म भरताना त्याचं नावही माहीत नव्हतं, आणि डिग्री हातात येईस्तोवर कामाची पद्धतच बदलली. म्हणून ब्रांचच्या नावासाठी १५ लाख जास्त देऊ नका. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, गणित हे विष्णुपुरीत, म्हणजे नांदेडच्या कॉलेजातही तेच शिकवतात, आणि नवीन टूल तिला दर दोन वर्षांनी स्वतःच शिकावं लागणार. अशा फिल्डमध्ये डोक्यावर कर्ज कमी पाहिजे, म्हणजे उद्या गेट देऊन एमटेक करावं वाटलं किंवा वर्षभर नोकरी लागली नाही तरी घर हलत नाही, मागे विहीर आहे.

नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आताच काढून ठेवा, ऐनवेळी तिथं लाईन लागते. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमात, नांदेडच्या खाली छत्रपती संभाजीनगरचं शासकीय इंजिनीअरिंग कॉलेज टाका. फॉर्म लॉक करायच्या आधी यादी मला पाठवा, मी बघतो.