काम अडलंय का, ते आधी सांग

चित्रं काढायला नवा टॅब कुठला घेऊ, असं विचारणारा तुझा मेसेज सकाळी वाचला, दुपारी परत वाचला. त्यात आयपॅड एअर आहे, प्रो आहे, सॅमसंग आहे, कुठल्या बँकेच्या कार्डावर किती सूट मिळते ते आहे, थोडं थांबलं तर पुढचं मॉडेल येतंय म्हणतात तेही आहे, आणि तुझ्या मुलांच्या पुस्तकातल्या जत्रेच्या स्प्रेडचं, म्हणजे त्या दोन पानांवर पसरलेल्या चित्राचं, पुढे काय झालं ते कुठेच नाहीये. मला खरंतर तेवढंच हवं होतं.

तू चांगलं काढतेस वगैरे मी आता सांगत बसणार नाही, ते तुलाही माहितीये आणि पुस्तक देणाऱ्यांनाही. काम हातात असताना रात्री दोन वाजेपर्यंत रिव्ह्यू बघत बसलीस याचं मात्र वाईट वाटलं. म्हणून हे लांबलचक लिहितेय, शांतपणे वाच.

टॅब कधी घ्यायचा, कधी बदलायचा, याला माझ्याकडे एकच प्रश्न आहे. काम अडलंय का? अडलं असेल तर नेमकं कुठे? जिथे अडलंय तेवढंच विकत घ्यायचं. अडलं नसेल तर काही घ्यायचं नाही, मग दसरा असो, पाडवा असो, सेल असो नाहीतर भावाने नवीन घेतलेला असो. आणि अडलं असेल तर थांबायचं नाही, मग पुढच्या महिन्यात नवीन येणार अशी कितीही बातमी असू दे. लोक पहिला अर्धा ऐकतात आणि मला चिकट म्हणतात, दुसरा अर्धा कोणी ऐकतच नाही.

आता तुझं घोडं कुठे पेंड खातंय ते बघू. तू चार तक्रारी लिहिल्यास आणि चारही एकाच सुरात लिहिल्यास, म्हणून तुझा गोंधळ झालाय. त्या सारख्या नाहीयेत.

जागा भरली म्हणतेस. तुझा साधा आयपॅड 32 जीबीचा आहे, भरणारच. पण प्रोक्रिएट, म्हणजे तू ज्यात काढतेस ते ॲप, प्रत्येक चित्र कसं होत गेलं त्याचा टाइमलॅप्स व्हिडिओ आपोआप रेकॉर्ड करत असतं आणि तो त्या फाईलमध्येच बसलेला असतो, हे तुला कोणी सांगितलंय का? मोठ्या स्प्रेडवर दिवसेंदिवस काम केलं की तो व्हिडिओ चांगलाच फुगतो. सेटिंगमध्ये जाऊन तो बंद कर, बंद करताना जुना काढून टाकू का असं विचारतं, तिथे हो म्हण. संपलेली चित्रं ड्राइव्हवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर टाक आणि टॅबवरून काढ. एका संध्याकाळचं काम आहे, पैसे शून्य. इथे काम अडलेलं नाही, इथे आवराआवर राहिलीये.

चार्जिंग दुपारपर्यंतच टिकतं म्हणतेस. 2018 चं मॉडेल आहे बाई, अ‍ॅपल स्वतःच सांगतं की हजार पूर्ण चार्ज झाले की बॅटरीत मूळच्या साधारण 80 टक्के क्षमता उरेल असा हिशोब धरलेला असतो, आणि तुझा तर आधी दादाने वापरलेला. घरी टेबलावर बसूनच काढतेस ना, मग वायर लावून काढ. अ‍ॅपलच्या पेन्सिलसाठी तिच्या बॉक्समध्ये एक बोटाच्या पेराएवढा अ‍ॅडॅप्टर आलेला असतो तो शोध, म्हणजे पेन्सिल वेगळ्या वायरवर चार्ज होईल आणि टॅबचं भोक अडकून राहणार नाही. एक गोष्ट मात्र आजच बघ. टॅब आडवा धरून कडेने बघ, स्क्रीन कुठे वर उचललेली दिसतेय का. दिसली तर बॅटरी फुगलीये, त्या क्षणी वापर बंद, चार्जिंगला लावायचा नाही, सरळ सर्व्हिस सेंटर. तसं काही नसेल तर इथेही काम अडलेलं नाही.

अपडेट येत नाही म्हणतेस. बरोबर आहे, सप्टेंबर 2024 मध्ये आयपॅडओएस 18 ही आयपॅडची नवी सिस्टीम आली तेव्हा हे मॉडेल यादीतून गेलं, तुझा 17 वरच राहणार. पण तुझं ॲप आज उघडतंय ना? ब्रश चालतात ना? मग त्या जुन्या सिस्टीमवर बँकेचे व्यवहार करू नकोस, फाईलींचा बॅकअप ठेव आणि ॲप चुकूनही डिलीट करू नकोस. अपडेट नाही म्हणून चित्र अडलंय असं मी अजून पाहिलेलं नाही.

आता चौथी, जी तू सगळ्यात शेवटी अर्ध्या ओळीत लिहिलीस. लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले वेगवेगळे थर, पुरत नाहीत. अगं हीच तर खरी आहे! तुझं पान 8.5 इंच चौरस, म्हणजे अख्खा स्प्रेड 17 बाय 8.5. तो 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, केला की 5100 बाय 2550 पिक्सेल, म्हणजे एक कोटी तीस लाख पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एकेक लेअर 52 एमबीच्या आसपास गेला, ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापली जाणारी कडेची जास्तीची पट्टी, अजून धरलेलंच नाही. तुझ्या टॅबमध्ये रॅम सगळी मिळून 2 जीबी, त्यातला मोठा वाटा सिस्टीमच खाते. म्हणून ते ॲप तुला मोजकेच लेअर देतं, त्यात त्याचा काही दोष नाही. जत्रेच्या चित्रात आकाश, देऊळ, पाळणा, मागची गर्दी, पुढची माणसं, रेषा, वरचं टेक्श्चर, एवढं वेगळं ठेवायला जागाच नाही. म्हणून तू देऊळ आणि गर्दी एकत्र केलीस, आणि मग संपादकांनी फुगेवाला जरा डावीकडे घ्या म्हटल्यावर मागचं अर्धं देऊळ परत रंगवत बसलीस. हे मला तू नाही, तुझ्या मैत्रिणीने सांगितलं.

याला म्हणतात अडणं. डीपीआय कमी करून काढते आणि शेवटी मोठं करते असला जुगाड करू नकोस, रेषेचं काम आहे तुझं, छपाईत कडा फुटतील. आणि अजून अर्धं पुस्तक बाकी आहे, प्रत्येक स्प्रेडवर करेक्शन येणार, लहान मुलांच्या पुस्तकात येतातच. तेव्हा घे. हो, घे म्हणतेय मी. चकित होऊ नकोस.

माझ्याकडेही हेच मॉडेल आहे आणि मी बदलत नाही, हे सगळ्यांना माहितीये, त्यावरून घरीदारी बोलतातही. पण मी आता काय काढते? दिवाळी अंकांतली कथाचित्रं, सदरातली छोटी चित्रं, बहुतेक काळ्या-पांढऱ्यात. एका पानापेक्षा मोठं क्वचित. मला तीन-चार लेअर खूप झाले. माझं काम त्या टॅबवर अडत नाही म्हणून मी तो ठेवलाय, पैसे वाचवायला नाही, आणि साधेपणा दाखवायला तर अजिबात नाही. ज्या दिवशी अडेल त्या दिवशी दुकानात जाईन. हे मी इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलंय, तरी ताई जुनं सोडत नाहीत हेच पसरतं. असो. मुद्दा हा की यंत्र तेच, पण तुझं उत्तर वेगळं आणि माझं वेगळं, कारण काम वेगळं.

थांबायचं नाही असं का म्हणते तेही ऐक. 2015 च्या नोव्हेंबरात पहिला आयपॅड प्रो आणि पहिली पेन्सिल बाजारात आली. मी तेव्हा जलरंगात काढायचे. चित्र मोठं असलं की स्कॅनिंगच्या दुकानात नेऊन दोन तुकड्यांत स्कॅन करून घ्यायचं, घरी येऊन फोटोशॉपमध्ये जोडायचं, जोडावरचा रंग जुळेपर्यंत झगडायचं, आणि मग करेक्शन आलं की कागद पुन्हा ताणायचा, पुन्हा पहिल्यापासून. झाडांबद्दलच्या मुलांच्या पुस्तकांची एक मालिका माझ्याकडे आली होती. फार मनाजोगं काम होतं. त्यांना दर आठवड्याला बदल हवे होते आणि माझ्या पद्धतीने ते जमणारं नव्हतं. काम स्पष्टपणे अडलं होतं, कशाने सुटेल तेही दिसत होतं, पण त्या वर्षी घरात आजारपण, दवाखाना चालू होता, पैसा तिकडे जायचा आणि तिकडेच जायला हवा होता. मालिका दुसऱ्याकडे गेली. यात कोणाचं चुकलं असं नाही, पण ती पुस्तकं दुकानात दिसली की मी अजूनही उचलून बघते आणि वडाच्या पारंब्या मी कशा काढल्या असत्या ते मनात येतंच. मग मार्च 2018 ला पहिल्यांदा साध्या आयपॅडला पेन्सिल चालायला लागली, 28,000 रुपये किंमत होती, तो मी कोणालाही न विचारता घेतला. तेव्हापासून एक ठरवलंय, अडलेल्या कामाला वाट बघायला लावायचं नाही. त्यासाठी मानधन आलं की त्यातला थोडा भाग वेगळ्या आरडीत जातो, घरातल्या कोणीही मागितला तरी मी तो देत नाही, आणि याबद्दल मला अजिबात अपराधी वाटत नाही.

तर आता काय घ्यायचं. जिथे अडलंय तेवढंच, हे विसरू नकोस, कारण दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी तेच विसरायला होतं. तुला हवेत लेअर. तुला प्रोची स्क्रीन नकोय, कीबोर्ड नकोय, सिमवाला नकोय. साधा आयपॅड, मार्च 2025 ला आलेला, 128 जीबीचा, आला तेव्हा 34,900 ला होता. त्याच वेळचा छोटा एअर 59,900. आणि एअरवर तुझी जुनी पेन्सिल चालणारच नाही, म्हणजे पेन्सिल प्रो घ्यावी लागणार, ती तेव्हा आणखी 11,900 ला होती. साध्यावर तुझी पहिली पेन्सिल एका अ‍ॅडॅप्टरने जोडता येते, तो मागून घे. आणि दुकानदार यूएसबी-सी पेन्सिल स्वस्त पडते म्हणून गळ्यात मारेल, ती घेऊ नकोस, घेऊ नकोस, तिला दाब कळत नाही. जाड-बारीक रेषा हाताच्या दाबाने येते तुझी, ती गेली तर राहिलं काय?

एअरची स्क्रीन चांगली आहे, काच आणि चित्र यांच्यात फट जाणवत नाही, रंग जास्त दिसतात, सगळं मान्य. पण फटीवर तू आत्ताही काढतेच आहेस, हाताला सवय आहे. आणि ते जास्तीचे झगझगीत रंग सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या छपाईत येतच नाहीत, मग प्रूफ बघून रडायचं. सॅमसंगचं म्हणशील तर नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलाला मी आनंदाने सांगते, त्यांचा एस पेन बऱ्याच टॅबच्या बॉक्समध्येच येतो. पण प्रोक्रिएट अँड्रॉइडवर नाही. तुझे इतक्या वर्षांचे ब्रश, निम्मं झालेलं पुस्तक, सगळं पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाईल, करून दुसऱ्या ॲपमध्ये नेत बसायचं, तेही कामाच्या मध्यात? नको. सेकंडहँड प्रो म्हणशील तर त्या जुन्या आयपॅडमध्ये बॅटरी किती उरलीये ते सेटिंगमध्ये दिसतच नाही, आणि आधीच्या मालकाने स्वतःचा अ‍ॅपलचा आयडी काढला नसेल तर हातात नुसती काच राहते. अनोळखी माणसाकडून तर नकोच.

घ्यायच्या आधी एकच कर, आणि हे माझ्यावर विश्वास ठेवून सोडून देऊ नकोस. कॉलेजमध्ये कोणाकडे तरी हा नवा साधा आयपॅड असेलच. त्यावर प्रोक्रिएटमध्ये नवीन कॅनव्हास उघड, माप टाक 5100 बाय 2550, ब्लीडसकट टाकलंस तर अजून बरं. खालीच जास्तीत जास्त किती लेअर मिळतील तो आकडा येतो. जत्रेच्या स्प्रेडला तुला किती लागतात ते कागदावर लिहून ने आणि आकडा त्याहून ऐसपैस जास्त असेल तर विषय संपला. मशीन किती फास्ट, चिप कुठली, याच्या चर्चा तुझ्या पुस्तकाच्या कामाच्या नाहीत.

पैशाचं. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे फुकट असं धरून चालू नकोस, बँक व्याज लावतेच, तेवढी सूट आधी दिलेली असते, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुझ्याच खिशातून जाते. रक्कम फार नसते, ती परवडेल. भीती मला दुसरीच वाटते. मानधन अंक निघाल्यावर, पुस्तक छापून झाल्यावर येतं, कधी त्यानंतरही बरेच दिवस येत नाही, मला एका ठिकाणी पुढची दिवाळी उजाडली होती. हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला येते. मग हप्ता भरायला नको ती कामं घ्यायची, पत्रिका काय, लोगो काय, आणि ज्या पुस्तकासाठी टॅब घेतला तेच मागे पडायचं. तू म्हणालीस अ‍ॅडव्हान्स अर्धा आलाय आणि घरून दहा हजार देतायत. मग साधा आयपॅड हप्त्याशिवाय होतोय, हिशोब घालून बघ. कॉलेजचं आयडी अजून चालू आहे तर विद्यार्थ्यांची सवलत मिळते का तेही दुकानात विचार, विचारायला लाजू नकोस. एअरसाठी जे वरचे पैसे हप्त्याने उचलणार होतीस ते काम अडल्यामुळे नाही, स्क्रीनशॉट बघून बघून लागणार होते. रागवू नकोस, पण तसंच आहे ते.

जुना टॅब एक्सचेंजमध्ये देऊ नकोस. त्याचे काय मिळणार आहेत? रफ स्केचेसना, प्रवासात काढायला, फाईलींची एक प्रत ठेवायला तो असू दे.

आणि सेलची वाट बघतेयस ना, तर सेलला अजून बराच वेळ आहे आणि प्रकाशकांना स्प्रेड त्याच्या आधी हवेत. उद्या कॉलेजमध्ये तो नवा आयपॅड कोणाकडे आहे ते शोध, लेअरचा आकडा बघ आणि मला फक्त तो आकडा पाठव, बाकी एकही लिंक पाठवू नकोस. आकडा जुळला तर शनिवारी दुकानात जा, अ‍ॅडॅप्टर विसरू नकोस, आणि रविवारी फुगेवाला वेगळ्या लेअरवर घे.