लक्ष कमी पडलं नाही गं, पलंग उंच होता

ताई, माझी मुलगी सात महिन्यांची आहे. परवा दुपारी ती झोपली म्हणून पलंगावर दोन्हीकडून उशा लावल्या आणि कुकर बंद करायला गेले, तेवढ्यात धप्पकन आवाज आला. कपाळावर टेंगूळ आलं. डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही. पण सासूबाई आल्यागेल्याला सांगतायत की आईचं लक्ष नव्हतं, आणि नवरा गप्प. नणंदेने वॉकर आणून दिलाय, यात ठेव म्हणजे पडणार नाही म्हणते. मी आता तिला खालीच ठेवत नाही, रात्री दचकून उठते. मी वाईट आई आहे का?
– एक आई, डोंबिवली

अगं नाही, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. माझा थोरला तर ओट्यावरून पडला होता, मी शेजारीच पोळ्या लाटत होते, हातभर अंतरावर! चौथ्या-पाचव्या महिन्यात पोर पालथं पडायला लागतं आणि आज पडणार असं आधी सांगत नाही, काल जिथे ठेवलं तिथेच राहायचं म्हणून आपण आजही ठेवतो आणि तिथेच फसतो. डोळ्यात तेल घालून बसलीस तरी कुकरची शिट्टी होणार, बेल वाजणार. म्हणून लक्ष वाढवायच्या मागे लागू नकोस, उंची कमी कर.

म्हणजे काय, तर दिवसा तिला सरळ जमिनीवर सतरंजी नाहीतर चटई घालून ठेव, डायपर पण तिथेच बदल. आपल्या आज्या हेच करायच्या, ते स्टोरेजवाले उंच बेड आणि त्यावर जाड गादी हे आपण आणलं. आणि उशा काढून टाक बाई. या वयाचं बाळ उशीवर चढून पलीकडे जातं, शिवाय तोंड उशीत दाबलं गेलं तर श्वास कोंडतो, ते पडण्यापेक्षा वाईट. पलंग भिंतीला लावला की काम झालं असंही नाही, मधल्या फटीत बाळ अडकू शकतं.

नवऱ्याला गप्प बसू देऊ नकोस, कामाला लाव. दोन महिन्यांत ती धरून उभी राहील. बाल्कनीच्या ग्रिलमधल्या गजांचं अंतर चार इंचांपेक्षा कमी हवं, ते मोजायला सांग. ग्रिलजवळच्या खुर्च्या, स्टूल, कुंड्या हलवायच्या आणि कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करायचं. बाथरूमला बाहेरून वर कडी.

सासूबाईंशी भांडू नकोस, काही फायदा नाही. सरळ म्हण, आई मी अंघोळीला जाते, वीस मिनिटं हिला तुम्ही बघा. रोज म्हण. आठवड्याभरात त्यांनाही कळेल पोर हातातून कसं निसटतं ते (हे मी स्वतः सासू झाल्यावर शिकले).

पुढे कधी पडलीच तर, आणि चालायला लागली की पडणारच, उचलून शांत कर आणि चोवीस तास नजर ठेव. पडल्यावर शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, टाळू फुगलेली वाटली, रडणं थांबेना किंवा जागं करूनही नीट जागी होईना, तर घरी हळद लावत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

तुझं दचकून उठणं मात्र मला नुसतं भीतीचं वाटत नाही. दोन आठवड्यांत कमी झालं नाही, किंवा त्याआधीच सगळं नकोसं वाटायला लागलं तर तुझ्या डॉक्टरांना सांग. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात असं बऱ्याच जणींना होतं आणि त्यावर उपचार आहेत.

आणि वॉकर. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो उभ्या पोराने मागून ढकलायचा. हा बसायचा वॉकर म्हणजे न चालणाऱ्या पोराला चाकं लावणं, क्षणात जिन्यापाशी नाहीतर गॅसपाशी, आणि चालायला त्यामुळे लवकर येतं हे खोटंच. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. नणंदेला वाईट वाटेल, वाटू दे. बिल असेल तर परत करून त्या पैशांची जाड चटई घ्या म्हणावं.