स्वभाव आणि लोखंडी पहार

नौपाडा, ठाणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. स्वभाव जर मेंदूच घडवत असेल, तर ‘स्वभावाला औषध नसते’ असे आपल्या घरोघरी म्हणतात ते खरे मानायचे का, हा तुझा प्रश्न मानसशास्त्राला प्रवेश घेण्यापूर्वीच पडला हे बरे झाले. मला तो नोकरीची दहा वर्षे उलटल्यावर पडला.

या विषयाच्या पाठ्यपुस्तकात तुला फिनिअस गेज पहिल्याच आठवड्यात भेटेल. ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली. त्याच्या साडेचार वर्षे आधी, १३ सप्टेंबर १८४८ रोजी, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लोहमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू असताना हा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंगाच्या भोकात दारू ठासत होता. ठिणगी पडली आणि सुमारे साडेतीन फूट लांबीची, सहा किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. थोड्याच वेळात तो बोलू लागला आणि बैलगाडीत बसून गावात आला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी १८६८ मध्ये लिहून ठेवले की पूर्वीचा हा कर्तबगार, समंजस मुकादम नंतर लहरी आणि शिवराळ झाला, ठरवलेला बेत तडीस नेईना, आणि ‘हा आता गेज राहिला नाही’ असे त्याचे स्नेही म्हणू लागले.

वर्गात ही गोष्ट बहुधा इथेच संपवतात, आणि कपाळामागचा भाग म्हणजे सभ्यपणाची पेटी अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. तू तसे करू नकोस. गेजने पुढे चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकली. घोड्यांची निगा, उतारू, वेळापत्रक हे सगळे रोजच्या रोज सांभाळणे पूर्ण ढासळलेल्या माणसाला जमणारे नव्हे. १८६० मध्ये तो वारला तोवर त्याचे वागणे बरेच सावरले असावे, असे आज अनेक अभ्यासक मानतात. कपाळामागचा भाग आवेगाला आवर घालतो, परिणामांचा अंदाज बांधतो हे खरेच. पण तो एकटा काम करत नाही. भीती आणि राग जिथून उसळतात त्या खोलवरच्या केंद्रांशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते, आणि हा भाग पक्का व्हायला वयाची पंचविशी उजाडते. (तुझ्या बाबांना हे अवश्य सांग.)

आनुवंशिकतेबद्दल एवढेच: जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून माणसामाणसांतील स्वभावभेदांपैकी साधारण ४० ते ५० टक्के भाग अनुवंशाशी जोडता येतो असे दिसते. हा आकडा लोकसमूहातील फरकांचा आहे; तुझा निम्मा राग आजोबांकडून आला, असा त्याचा अर्थ काढणे चूक आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बँकेत रोखपाल होते. नोटा दोनदा मोजल्याशिवाय खिडकीबाहेर हात न काढणारा माणूस. पंचावन्नाव्या वर्षी ते बदलले. लग्नघरी पंगतीत शेजाऱ्याच्या पानातली जिलेबी त्यांनी सहज उचलून खाल्ली; सख्ख्या बहिणीच्या निधनाची बातमी ऐकून ‘जेवायला काय आहे’ असे विचारले. स्मरणशक्ती मात्र शाबूत होती, जुन्या खात्यांचे क्रमांकही पाठ होते, त्यामुळे आजाराची शंका कोणाला आली नाही. नातेवाइकांनी त्यांना निर्लज्ज ठरवले आणि एका दवाखान्यात ‘निवृत्ती जवळ आली की होते असे’ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. मीसुद्धा वहिनींना ‘दुर्लक्ष करा’ असाच सल्ला दिला होता. दोन वर्षांनी मेंदूचा एमआरआय झाला, तेव्हा पुढचे आणि कानशिलाजवळचे भाग आक्रसलेले दिसले. या आजाराला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. तो पुष्कळदा साठीच्या आतच सुरू होतो आणि विसरण्याआधी वागणे बिघडवतो.

म्हणून रुग्णाचा इतिहास लिहून घेताना ‘स्वभाव कसा आहे’ एवढ्यावर थांबू नकोस. पूर्वी कसा होता, कधीपासून पालटला, आधी काय सुटले, हे घरातल्या माणसांना वेगवेगळे बसवून विचार. लहानपणापासूनचा तापटपणा आणि पन्नाशीनंतर अचानक आलेला तापटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दुसऱ्याच्या मागे थायरॉइड, ब जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मेंदूतली गाठही असू शकते, आणि त्यांवर उपचार आहेत. आपल्या गावात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, पण ‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद करणारे बरेच आणि वेळेवर तपासणीला नेणारे थोडे.

त्या गृहस्थांच्या आजाराला मात्र बरे करणारे औषध अजून नाही. निदानाने इतकेच झाले की वहिनींनी त्यांच्याशी भांडणे सोडले. रोज संध्याकाळी त्या त्यांना तलावपाळीवर फिरायला नेतात. वाटेतल्या मिठाईवाल्याला त्यांनी सांगून ठेवले आहे. हे काउंटरवरचा पेढा उचलतात, तो वहीत एक रेघ मारतो आणि शनिवारी हिशेब होतो.

तुझा,
काका